करंजाखालचा दगड

इंदिरानगरचा शेखर दर रविवारी सिन्नरकडच्या डोंगरातल्या ओढ्यात गारगोट्या वेचायला जायचा. निवडून झालं की टाकाऊ दगड करंजाच्या बुंध्याशी रचायचा, म्हणजे तेच पुन्हा हातात यायला नकोत. या खेपेला घरी आल्यावर त्याने मोबाइलमधला त्या ढिगाचा फोटो मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. टाकून दिलेल्या एका गोट्याच्या चिरेतून जांभळे स्फटिक चमकत होते. दहा वर्षं तो नेमका तसाच दगड शोधत होता.

पुढच्या रविवारी तो पिशवीत हातोडी घेऊन करंजाखाली पोचला, तर गोट्याला शेंदूर फासलेला, वर झेंडूचा हार. समोर वस्तीवरची लंकाबाई डोळे मिटून बसली होती. शेखरने आवाज न करता हात पुढे केला.

"हात धुतले का, देवाला शिवताय ते?"

"मावशी, हा देव... कधीपासून?"

"सोमवारी परगट झाला. कोनी आनला नाय, आपसूक आला. पोटात जांभळा उजेड हाय बघा त्याच्या." तिची नजर त्याच्या पिशवीवर थांबली. "त्यात काय हाय एवढं जड?"

शेखरने हातोडी बाहेर काढली. म्हातारीने ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"बरं झालं आनली," त्याच्या हातात नारळ देत ती म्हणाली. "हिनंच फोडा. दगडावर आपटायची भीती वाटती आता, कोनता देव निघंल नेम नाय."