सुसीसाठी तिसरं लपण

कर्विन सकाळपाळीवरून घरी आला तेव्हा लिआन्ड्रा गुडघ्यांवर बसून काचपेटीत कोपरापर्यंत हात घालून होती. कर्विनची पाळीव अजगर मादी सुसी शेजारी उशीच्या अभ्र्यात गाठ मारून ठेवलेली होती.

"आता काय नवीन?" त्याने विचारलं.

"लपणं बदलतेय. तिचा जुना लपायचा डबा फार मोठा होता. तिला अंग चहूकडून टेकायला लागतं, तरच सुरक्षित वाटतं."

बूट काढता काढता कर्विनने पेटीत डोकावून पाहिलं. ऊब देणाऱ्या चटईवर मातीची अर्धी कुंडी उपडी घातलेली, आणि थंड कोपऱ्यात तशीच दुसरी. दोन्ही सरळ रेषेत कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. लिआन्ड्राला साधा पाव सरळ कापता येत नव्हता.

"कोणी कापून दिल्या?"

"अंकल लायनेलनी."

म्हणे अंकल! कोपऱ्यावरच्या निळ्या घरातला हा लायनेल, साप पाळणारा विधुर, जेमतेम पंचेचाळिशीचा होता. केस अजून काळे. गेला महिनाभर या घरात मिठापेक्षा त्याचंच नाव जास्त निघत होतं.

"आणि दोन कशाला?"

"अंकल म्हणतात, एकच लपण ठेवलं तर तिला ऊब की आडोसा यातलं एक निवडावं लागतं. मग ती ऊब सोडून दडूनच बसते."

"अंकल म्हणतात! अंकलना कामधंदा नाही का दुसरा?"

लिआन्ड्राने अभ्र्याची गाठ सोडली. सुसी तिच्या मनगटावरून सावकाश पेटीत उतरली आणि उबेच्या बाजूच्या कुंडीखाली शिरली.

कर्विनचा स्वभावच जळका. टॅक्सीवाल्याने बायकोला पुढची सीट दिली तरी हा दोन दिवस धड जेवायचा नाही. आणि आता तर त्याची स्वतःची सुसीही बायकोच्या हातावर रमू लागली होती. लग्नाआधी तो चार्लीनबरोबर राहायचा. ते मोडलं तेव्हा फ्रिज चार्लीनकडे गेला, सोफा याच्याकडे आला, आणि अजगरांच्या जोडीतला नर तिने नेला, सुसी याने ठेवली. लग्नानंतरची तीन वर्षं लिआन्ड्राने सुसीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. यंदा जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सुसीने खाणं टाकलं, तेव्हा कर्विननेच तिला गाडीत घालून दूर मखांडा गावच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. चार दिवस तिथे राहिलाही होता.

"मला ताप आला की एक गोळी हातावर ठेवतोस," तेव्हा लिआन्ड्रा एवढंच म्हणाली होती.

आता मात्र लोडशेडिंगमध्ये चटई थंड पडली, की तीच धावत गरम पाण्याची पिशवी भरायची. लायनेलने शिकवलेलं. सुसीने पुन्हा उंदराला तोंड लावणं सोडलं होतं, पण लिआन्ड्राला त्याची काळजीच दिसत नव्हती. चेहऱ्यावर नुसतं काहीतरी जपून ठेवल्यासारखं. ते कर्विनला आतून जाळत होतं. ही आपल्याला सोडून जाणार, याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती.

शनिवारी कारखान्यातलं मशीन बंद पडलं आणि पाळी लवकर सुटली. त्यांच्या गेलव्हनडेल वस्तीतल्या वाऱ्यात छपराचे पत्रे एवढे वाजत होते, की मागचं दार उघडल्याचं लिआन्ड्राला कळलं नाही. ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती.

"हो अंकल, आता खात्रीच आहे. पोट दिसायला लागलंय... जुलैतलंच असणार, दुसरं कधीचं असेल?... नाही, त्याला अजून काही सांगितलेलं नाही."

जुलै. तो घरात नव्हता ते दिवस.

"त्याला म्हणजे मला ना?" तो दारातूनच ओरडला. "मी गावाला गेलो आणि इथे हे धंदे! आणि कोणाबरोबर, तर त्या सापवाल्याबरोबर!"

लिआन्ड्राने फोन ठेवला. ती दचकली नाही, रडलीही नाही. ओट्यावरचा आइस्क्रीमचा मोठा डबा तिने उचलला. त्याच्या झाकणाला गोल भोक पाडलेलं होतं आणि आत ओलं शेवाळ अंथरलेलं होतं.

"चल, आधी हे ठेवायला मदत कर."

"लपणं गेली खड्ड्यात! मला उत्तर हवंय. कोणाचं आहे?"

"तेच मी तुला विचारणार होते," ती म्हणाली आणि पेटीकडे गेली.

तिने उबेच्या बाजूची कुंडी अलगद उचलली. सुसी चटईवर कुशीवर पडली होती. शेपटीकडचं अंग टरारून फुगलेलं होतं. लिआन्ड्राने डबा तिच्याजवळ सरकवला.

"हे लपण नाही, कर्विन. अंडी घालायला आहे. अंकल म्हणतात, दोन-तीन आठवड्यांत घालेल."

लिआन्ड्राने पेटीची काच सरकवून बंद केली आणि हात पुसले.

"तीन वर्षांत सुसी या घराबाहेर एकदाच गेलीय. तुझ्या त्या डॉक्टरांकडे नरही होता वाटतं?"