अर्धी मात्रा

बाबा गेल्यापासून आईचा नेम एक दिवस चुकला नव्हता. सकाळची कामं आटोपली की ती एका ऑर्केस्ट्राची जुनी रेकॉर्ड लावायची. त्या ऑर्केस्ट्रात बाबा मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवत होते. मुख्य वादक एकटा वाजवून थांबायचा आणि सगळे मिळून उचलणार, तेवढ्यात मागचं एक व्हायोलिन अर्धी मात्रा आधीच घुसायचं. त्या जागी आई बोट वर करायची आणि म्हणायची, "घाई नडली हो यांना. या एवढ्याशा चुकीपायी जन्मभर मान खाली घालून बसले."

लेक ध्वनिमुद्रणाचंच काम करायची. रोज हेच ऐकून ती पार थकली होती. तीन आठवडे रोज स्टुडिओतलं काम उरकल्यावर जिवाचे कान करून तिनं तेवढा सूर पुसून काढला आणि नवी प्रत आईला लावून दिली.

ती जागा आली. आईचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं.

"काढली बघ बाबांची चूक. कळतं तरी का कुठे?"

"नाही गं कळत. छान केलंस," आई म्हणाली. "आता जुनी लाव. चाळीस जणांत यांचा तेवढाच एक सूर मला ओळखू यायचा."