फोटोतली सून

फोटोवाल्याने लग्नाच्या फोटोची फ्रेम काउंटरवर ठेवली आणि रेणुका खूश झाली. फोटोत ती चक्क गोरी दिसत होती, नाक बारीक आणि कुरळे केसही सरळ झाले होते. तसं तिनेच सांगितलं होतं. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा रंग घेऊन हळियाळच्या सिद्दी वस्तीतली ही मुलगी खानापूरच्या पाटलांची सून झाली होती, आणि पाहुण्यांच्या नजरा तिला कळत होत्या.

सोबत आलेल्या सासूबाईंनी चष्मा लावला. "ही कोण?"

"मीच की, आई. जरा उजळ करून घेतलंय. तुम्हाला कुणी बोलायला नको."

सासूबाईंनी फ्रेम उचलून जवळ धरली. "तुझ्या आईनं हा बघितला तर? तिचं नाक, तिचे केस, सगळं पुसून टाकलंस की गं."

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचा विचार तिने केलाच नव्हता.

"मूळचा फोटो आहे ना? तोच मोठा करा," सासूबाई फोटोवाल्याला म्हणाल्या. "दारातून आत येणाऱ्याला माझी खरी सून दिसू दे."

रेणुकाने डोळे पुसले. "आणि एक जास्तीचा काढा," ती म्हणाली, "माझ्या आईसाठी."