नजरेचा वाटा

सशाचे वाटे घालता घालता अर्जुनानं रस्त्यानं चाललेल्या ज्या बाईला हाक मारली, ती नेमकी वनखात्याची निघाली. अंगावर खाकी नव्हती, साधा पंजाबी ड्रेस होता. माधवनगरची पोरगी, बदली होऊन आठ दिवस झालेले. त्या म्हाताऱ्या मेंढक्याला कळावं तरी कसं? आणि कळलं असतं तरी त्यानं हाक मारलीच असती. शिकारीवर ज्याची नजर पडेल त्याला वाटा द्यायचा, हे त्याच्या बापानं आणि बापाच्या बापानं पाळलेलं होतं.

“ये की गं पोरी! गाडी सावलीला लाव. तुजाबी वाटा हाय.”

संयोगितानं स्कूटी थांबवली. माळावर मेंढरं चरत होती. बाभळीखाली पळसाच्या पानांवर मांसाचे पाच एवढेएवढेसे ढीग होते आणि शेजारी एक कुत्री शहाण्यासारखी बसली होती.

“मामा, मी इथली नवी वनरक्षक आहे.”

“आसंना का! मंजी तू बी रानाचीच. मंग तर आदी तुजा.” आणि त्यानं सहावं पान मांडलं.

पुरावा म्हणून तिनं मोबाइल काढला, तर गडी पटका सारखा करून ताठ बसला. दोन फोटो काढून तिनं पिशवीतून पंचनाम्याचा कागद घेतला आणि वाटे मोजले.

“मला सोडून पाच वाटे. बाकीचे चौघं कुठं पळाले? नावं सांगा.”

“पळत्याल कशाला? ह्यो बिरोबाचा. ह्यो कुत्रीचा, धरला तिनंच, म्या नुसतं छू म्हनलं. ह्यो लालासाहेबांचा, रान त्यांचं हाय. ह्यो शालूबाईचा, तिला मागंफुडं कुनी न्हाई. आन ह्यो माजा न् आमच्या रंगुबाईचा.”

देवाला आणि कुत्रीला आरोपी करायची सोय त्या कागदात नव्हती. संयोगिताला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. ससा मारणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत आत टाकतात, हे तिनं त्याला सावकाश, समजेल असं सांगितलं.

अर्जुनाच्या हातातली सुरी थांबली. घरात तो आणि बायको रंगुबाई, दोघंच. तिचे गुडघे गेलेले. तीन वर्षं मेंढरांमागं कोण हिंडणार?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दिग्विजय होता, त्याचा मुलगा. तिकडं स्वीडनला ट्रकच्या कारखान्यात नोकरी करतो. फोनच्या काचेवर त्याचा हसरा चेहरा आला.

“आबा, काल मी शिकारीला गेल्तो! सगळं गाव गेलं हुतं. सांबराच्या दुप्पट जनावर पडलं बघा. मी नुसता बघायला गेल्तो, बंदुकीला हात न्हाई लावला, तरी मला बी वाटा दिला त्यांनी!” त्यानं मांसाची पिशवी वर धरून दाखवली.

“मंग चांगली मानसं हायती,” अर्जुना म्हणाला.

“तुमी काय करताय?”

अर्जुनानं संयोगिताकडं पाहिलं. तिच्या मांडीवर कागद होता, हातात पेन होतं.

“काय न्हाई. पावनी आलीया. मागनं बोलतो.” आणि त्यानं फोन बंद केला.

मग तो म्हणाला, “तितं चालतंय, मंग हितं का न्हाई?”

“तिथं शिकारीची परीक्षा असते, मामा. लायसन लागतं. किती मारायचे ते ठरलेलं असतं, कधी मारायचे ते ठरलेलं असतं. आणि रान ज्याचं, त्याला हक्क असतो.”

“आमी बी पोटुशी मारत न्हाई. श्रावणात मारत न्हाई. रान ज्याचं त्याचा वाटा तर काडलाय की ह्यो.”

कायदा संयोगिताला पाठ होता आणि तो तिला पटतही होता. माळावर ससे किती थोडे उरलेत, हे तिनं नोकरीच्या आधीपासून ऐकलं होतं. तरी समोरच्या माणसाला आरोपी म्हणून लिहायला तिचा हात रेटेना. तिनं फोटो पुसून टाकले. कागदाची घडी घातली.

“मामा, पुन्हा ससा मारायचा नाही. बिरोबाची शपथ घ्या.”

“घेतली,” तो लगेच म्हणाला.

“आणि आजचं एवढं ध्यानात ठेवा. तुम्ही मला हाक मारली नाही, मी काही पाहिलं नाही. मी इथनं गेलेच नाही. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं.”

सुटलो, असं अर्जुनाला वाटलं. डोळे भरून आले त्याचे. संयोगितानं स्कूटी चालू केली, तसा तो एकदम उठला आणि तिच्या वाट्याचं पळसाचं पान तळहातावर घेऊन गाडीला आडवा आला.

“शपथ पाळतो पोरी. पर हाक मारली न्हाई आसं न्हाई म्हननार,” तो म्हणाला. “हाक न मारता खाल्लं, तर ती चोरी व्हईल की गं.”