कोरा ठेवलेला रकाना

नाव

वर्गातल्या एका अवघड मुलाबद्दल भरायच्या कागदावर रंगनाथ सरांनी पहिला रकाना कोरा ठेवला. मुलांची नावं लिहायची नाहीत, असं प्रशिक्षक ज्योत्स्ना मॅडमनी सकाळीच बजावलं होतं.

गंगापूर रोडवरच्या त्या सभागृहात चाळीसेक शिक्षक होते. सरांच्या पिशवीत पिंकीचा शाळा सोडल्याचा दाखला होता, फक्त मुख्याध्यापकांची सही बाकी. "शनिवारी मला नाशकात ट्रेनिंग आहे, सोमवारी येऊन दाखला न्या," असं त्यांनी तिच्या आजोबांना सांगून टाकलं होतं. शाळेत नेहमी आजोबाच यायचे.

वर्तन

'तिसरीतली मुलगी. बाकावर डोकं आपटते. जवळ गेलं की चावते.'

मॅडमनी कागद वाचला. "आता हे करून दाखवायचं. ही मुलगी कोण होईल?"

"मी होते," मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकची लालसर रेघ होती.

बाई टेबलाशी बसल्या. सरांनी खड्या आवाजात पाढे सुरू केले. बाईंनी कान दाबले आणि टेबलावर डोकं आपटायला लागल्या.

"ए, नीट बस."

बाई टेबलाखाली गेल्या.

"आमच्या मुख्याध्यापकांना बघून मीपण असाच टेबलाखाली जातो," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. टेबलाखालून हसू आलं नाही.

उपाय

"काही विचारू नका, सर. नुसते शेजारी बसा," मॅडम म्हणाल्या.

सर गुडघे धरत फरशीवर टेकले. बाई वर बघत होत्या. वर पंखा करकरत होता. सरांनी खूण केली, कोणीतरी पंखा बंद केला. बाईंनी कानांवरचे हात काढले आणि हळूहळू बाहेर सरकल्या.

सरांना आपल्या वर्गातला पंखा आठवला. त्याच्या बरोबर खाली पिंकीचा बाक. नजरेसमोर राहावी म्हणून त्यांनीच तिला तिथं बसवलं होतं.

त्यांनी पिशवीतून दाखला काढला आणि फाडला. "सोमवारी आधी बाक हलवतो," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"झकास काम केलंत, बाई. कुठल्या शाळेत असता?" सरांनी विचारलं.

"बस चुकंल माझी," म्हणत बाई हजेरीच्या कागदावर सही करून लगबगीनं निघून गेल्या.

सही

तो कागद मग सरांकडे आला. पेन टेकवताना त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली.

नाव: उज्ज्वला. शाळा: पिंपळगाव, द्राक्षांचं पॅकहाउस. हुद्दा: पिंकीची आई.