एकोणिसांतलं एक मत

नात इडा जन्मली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात काउंटीने मतांचे आकडे पोस्टाच्या भिंतीवर लावले, आणि ऑर्विन टॉलेफ्सनची बायको लेओना कॉलेजच्या विश्वस्तपदाची निवडणूक एका मताने हरली. प्रेस्टन हेल, एक हजार दोनशे चार. लेओना, एक हजार दोनशे तीन. फेरमोजणीतही तेच.

जिल्हा कॉलेजची एक शाखा त्यांच्या बेंच गावात होती. तीन खोल्या आणि वेल्डिंगची एक शेड. ती बंद करणार, असं प्रेस्टन उघड सांगत होता. ती वाचवायला लेओना उभी राहिली होती. सून ब्रिटा तिथेच नर्सिंग शिकत होती. आता साठ मैलांवरच्या मुख्य कॉलेजात जायचं म्हणजे घाट, बर्फ, आणि पदरात तान्ही पोर.

"उन्हाळ्याआधी आम्ही तिकडेच राहायला जाऊ," ब्रिटा म्हणाली.

लेओनाने मान हलवली आणि इडाच्या मोज्यांच्या घड्या घालत राहिली.

गावाला हरल्याचं दुःख होतंच, पण सलत होतं ते दुसरंच. केंद्रवार आकड्यांत बेंचची ओळ सगळ्यात लहान होती. एकोणीस मतदार, एकोणीस मतं. लेओना अठरा, प्रेस्टन एक. ते एक इकडे पडलं असतं तर जागा लेओनाची होती. हा हिशेब गावाने उभ्या उभ्याच केला.

"घरभेदी कोण, यात कोडं कसलं?" पेंडीचा दुकानदार मर्ल म्हणाला. "पाटाच्या पाण्यावरून लेओनाशी भर सभेत कोण भांडलं होतं?"

ड्वेन क्रुगर भांडला होता. ऑर्विनचा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून.

"काय रे ऑर्विन, तुला काय वाटतं?"

ऑर्विनने पैसे काउंटरवर ठेवले. दोन पोती गाडीत टाकली आणि निघाला. त्याच्या गप्प बसण्यातून मर्लला हवं ते उत्तर मिळालं.

घरी येऊन त्याने लाकडं फोडली आणि आत नेऊन रचली. सप्टेंबरात दोघं मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्यापासून हे काम त्याने आपल्याकडे घेतलं होतं. गाडीही तोच चालवायचा. लेओना कुरकुरली की म्हणायचा, "बसून गुडघे आखडतात माझे. जरा हलू दे की."

महिन्याच्या मध्यावर वासरं बाजारात पाठवायचे दिवस आले. त्या दिवसांत सगळे शेजारी पाळीपाळीने एकमेकांच्या रानात उतरतात. वासरं हाकणं एकट्याचं काम नव्हे. क्रुगरच्या पाळीला कुणी गेलं नाही. ड्वेन आणि त्याची म्हातारी बायको दिवसभर धावत होती. निम्मी वासरं ओढ्यापलीकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी ड्वेन ऑर्विनच्या फाटकाशी आला.

"पंचवीस वर्षं तुझी वासरं हाकली मी."

"हाकलीस."

"पाण्यावरून भांडलो, खरं आहे. पुन्हाही भांडेन. तुझी बायको पाटावर हक्क सांगते जणू नदी तिच्या माहेरची. पण मत मी तिलाच दिलं. तू तरी सांग त्यांना."

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, ड्वेन."

"तेच तर. तू कुणाचंच घेत नाहीस, म्हणून ते माझं घेतात." त्याने हातमोजे चढवले. "विकून जावं म्हणतोय. बायको चर्चलाही जाईना."

लेओना खिडकीतून बघत होती. ऑर्विन आत आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होता?"

"वासरांचं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार."

पुढच्या रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये दरसालचं जेवण होतं. क्रुगर नवराबायको दाराजवळच्या टेबलावर दोघंच बसली होती. जेवणं झाली, केक वाटून झाला, तशी लेओना खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"ते मत माझं होतं," ती म्हणाली.

चमचे थांबले.

"आमच्या आईची शिकवण. ताटातला शेवटचा तुकडा आपण उचलायचा नाही आणि स्वतःच्या नावापुढे आपण खूण करायची नाही. म्हटलं, एका मताने काय होतंय. ड्वेनला उगाच बोल लागला."

 मग मर्ल हसला, आणि त्याच्यामागून सगळा हॉल. "तुम्ही नॉर्वेकर! तुझी आई तर फोटोतसुद्धा दुसऱ्याच्या मागे उभी राहायची." खोटं वाटायचं कारणच नव्हतं, त्या हॉलमधल्या निम्म्या, मूळ नॉर्वेच्या, घरांत हीच शिकवण होती. मर्ल उठला, केकची ताटली घेऊन दाराजवळच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "शनिवारी येतो रे आम्ही, ओढ्यापलीकडची काढायला." ड्वेनच्या बायकोने तोंडाला हातरुमाल लावला. ड्वेनने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

परतताना ऑर्विन गाडी हळू चालवत होता. वाऱ्याने रस्त्यावर बर्फाची भुकटी सरकत होती.

"ड्वेनचं घर वाचलं," तो म्हणाला.

"हो."



"केक वाटून होईपर्यंत थांबले होते मी," लेओना म्हणाली. "म्हटलं, तू उठून खरं सांगशील."

ऑर्विनने काचेवरची वाफ बाहीने पुसली. मैलभर गेल्यावर तो म्हणाला,

"निवडून आली असतीस तर दर महिन्याला मीटिंगसाठी तो घाट. थंडीत तुझं हृदय ते सोसणार नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला होता."

"मलाही म्हणाला होता, ऑर्विन. उभं राहायचं ठरवलं ते त्यानंतर."

लेओना टॉलेफ्सन त्याच हिवाळ्यात, अकरा फेब्रुवारीला, घाटापासून दूर, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत वारली.