कोरसमधला तिसरा

तातेरावांनी कानातली इयरफोनची दोन्ही बोंडं उपसून टेबलावर टाकली.

"मला काढलंय यातून."

प्रबुद्धनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "तुम्हाला कोण काढेल, बाबा? चाळीस वर्षांची कॅसेट. खरखर किती होती! अॅपमध्ये टाकून साफ केली."

"गाणारा आहे. ढोलकी आहे. कोरसमधले आम्ही तिघं कुठायत?"

"मागचे आवाज ते. अॅपला खरखर वाटली असेल. कानाला जे जाणवत नाही ते काढून टाकतं. फाइल हलकी होते."

"कुणाच्या कानाला?"

"लाइट लो, बाबा. एवढं काय मनावर घेता?"

तातेरावांना ते रेकॉर्डिंग आठवलं. आबिड्सच्या बाजारातल्या स्टुडिओत तिघांना माईकपासून पाच पावलं लांब उभं केलं होतं. कव्हरवर नाव छापलं ते फक्त गाणाऱ्याचं. बाकीचे दोघं आता नाहीत.

"कॅसेट आण."

"भंगारवाल्याला दिली." प्रबुद्धचा आवाज जरा उतरला. "ठेवून काय करायचं? वाजवायला टेप कुठाय घरात? अन् जयंती मंडळाच्या ग्रुपवर टाकलं मी हे गाणं. तीनशे जणांनी ऐकलं. कुणालाच काही कमी वाटलं नाही."

"तेच विचारतोय. का नाही वाटलं?"

नात रोशनी सोफ्यावरून दोघांकडे बघत होती. "आजोबा, खरं सांगा. तुम्ही होता का याच्यात?"

घरातलं माणूस पुरावा मागत होतं.

"तुझ्या फोनवर लाव. मोठ्यानं."

गाणं लागलं. पहिलं कडवं संपलं. ढोलकीनं कोरसला जागा करून दिली, आणि तिथं कुणी आलंच नाही. नुसती ढोलकी वाजत राहिली.

दुसरं कडवं चालू झालं तसे तातेराव उठले. मोजून पाच पावलं मागं गेले, स्वयंपाकघराच्या दारात थांबले. कानावर हात ठेवला. कडवं संपलं आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी आवाज सोडला. जाड, फाटका. पण नेमका तिथंच बसला, जिथं बसायला हवा.

प्रबुद्धनं घाईघाईनं मोबाइल उचलून रेकॉर्डिंगला लावला.

रोशनीनं बापाचा हात धरून खाली केला.

"नक्को, पप्पा. ते अॅप आजोबांना परत काढून टाकेल."